नव्या पीसीवर फुटेज फाटतंय? टिळकवाडीतल्या एका रिपेअरीवाल्याबद्दल

फुटेज फाटतंय, म्हणजे व्हिडिओ चालताना चित्र मध्येच बिघडून रंगीत चौकोन-पट्टे येतात, म्हणून नवा पीसी घेऊन बेळगावातल्या कुठल्याही दुकानात जा, पहिलं उत्तर ठरलेलं असतं: विंडोज परत मारूया. त्यानं भागलं नाही तर दुसरं: ग्राफिक कार्ड कमी पडतंय, मोठं घाला. टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटच्या अलीकडे एका बोळात जे छोटं दुकान आहे, तिथल्या अण्णांनी यातलं काहीच सांगितलं नाही. त्यांनी आधी फुटेज मागितलं. दुकानाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण अण्णांनीच नको म्हटलंय. एकटा माणूस आहे, लग्नसराईत आधीच काम झेपत नाही. पण त्यांनी जे केलं ते इथल्या प्रत्येक एडिटरला आणि शूटरला माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

मी वडगावला घरीच एडिटिंग करते. खानापूर, निपाणी आणि तिकडून चंदगड भागातले शूटर हार्ड डिस्क पाठवतात. कुणी स्वतः आणून देतं, कुणी बेळगावला येणाऱ्या पाहुण्याच्या हातात देतं. एका लग्नाला दोन-तीन कॅमेरे, ड्रोन आणि शिवाय नवरीच्या मावशीनं मोबाईलवर काढलेले व्हिडिओ. पूर्वी सगळं ८ बिटमध्ये यायचं, जुन्या मशीनवर भागत होतं. आता कॅन्डिडवाले ४के, एच.२६५ (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत), १० बिट, ४:२:२ (रंगाची माहिती जास्त राखणारी नोंद) देतात. रंगाला हात घालायला ते सोनं आहे. ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ छटा, १० बिटमध्ये १०२४. शालूच्या जांभळ्यात आणि हळदीच्या पिवळ्यात पट्टे दिसत नाहीत. म्हणून नवा पीसी असेंबल करून घेतला: इंटेल आय-५ १४४००एफ प्रोसेसर, एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० ग्राफिक कार्ड, ६४ जीबी डीडीआर-५ रॅम. कागदावर बघाल तर लग्नाच्या कामाला भरपूर.

आणि तरी टाइमलाइनवर फुटेज अडखळायचं, दोन कॅमेरे एकावर एक ठेवले की ठप्पच. पण अडखळण्याचं मला एवढं काही नव्हतं. खरी धडकी भरली ती दुसऱ्या गोष्टीनं. खानापूर तालुक्यातल्या एका लग्नात अंतरपाट खाली येतो, नवरी मान वर करते, आणि नेमका तिथं चित्राचा खालचा अर्धा भाग हिरवागार. वर गुलाबी चौकोन. अक्षता उडताना ते चौकोन अक्षतांबरोबर सरकत जातात, आणि अर्ध्या सेकंदानं चित्र आपोआप स्वच्छ होतं. मंगलाष्टका संपलेल्या असतात, ती मान परत कोण वर करणार? ज्यानं पीसी जोडून दिला तो म्हणाला, फुटेजच खराब आहे, शूटरला विचारा. शूटर म्हणाला, माझ्या लॅपटॉपवर तर छान चालतंय. दोघांच्या मध्ये मी, आणि नवरीच्या वडिलांचे रोज फोन.

अण्णांकडे पीसी उचलून नेला तर त्यांनी तो टेबलावरही घेतला नाही. म्हणाले, "अक्का, कार्ड आहे काय शूटरकडं अजून? ते आणा की आधी. हार्ड डिस्क नको, कॅमेऱ्यातलं कार्डच पाहिजे." नशिबानं त्या लग्नाचं कार्ड शूटरनं फॉरमॅट केलेलं नव्हतं. ते घेऊन परत गेले तेव्हा पुढचा प्रश्न आला, आणि या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात मोलाचा वाटला तो हाच: "दरवेळी तीच फ्रेम फाटती काय, का जागा बदलती?"

या एका प्रश्नात अर्धं निदान आहे. तीच फ्रेम, कुठल्याही मशीनवर, कुठल्याही प्लेअरमध्ये फाटत असेल तर दोष फाईलमध्येच आहे. दुसरीकडे फाईल स्वच्छ चालते आणि तुमच्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये मात्र तिथंच फाटते, तर ग्राफिक ड्रायव्हर, डिकोडिंगची (फाईल उलगडून चित्र दाखवण्याची) सेटिंग किंवा जुना कॅशे (सॉफ्टवेअरनं आधीच बनवून ठेवलेल्या फ्रेमचा साठा) बघायचा. कॅशेचं लक्षात ठेवा, कारण त्यात एकदा खराब फ्रेम साठवली गेली की मूळ कारण दूर केलं तरी सॉफ्टवेअर तीच दाखवत राहतं. आणि जागा बदलत असेल, आता इथं, उठून पाणी पिऊन आलं की दुसरीकडे, तर मशीनमध्येच काहीतरी डळमळतंय.

माझ्याकडे दोन्ही होतं. काही जागा पक्क्या, काही बदलणाऱ्या. अण्णांनी कार्ड स्वतःच्या मशीनला लावून व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये चालवलं. अंतरपाट खाली आला, नवरीनं मान वर केली, एक डाग नाही. त्या क्षणी मला किती हलकं वाटलं ते लिहून कळणार नाही.

चौकोन अर्धा सेकंद का टिकतात तेही त्यांनी नीट समजावलं. या फॉरमॅटमध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. एक फ्रेम पूर्ण असते, पुढच्या बऱ्याच फ्रेममध्ये फक्त बदल नोंदलेला असतो. भजनात पुढच्या टाळकऱ्याचा ठेका चुकला की मागचे सगळे चुकत जातात, तसं एका फ्रेममधली चूक पुढची पूर्ण फ्रेम येईपर्यंत ओढली जाते. ऑल-इन्ट्रा फॉरमॅटमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, तिथं एकच फ्रेम बिघडेल, पण फायली फार मोठ्या होतात आणि आपल्याकडचे शूटर दिवसभराच्या लग्नाला तो वापरत नाहीत.

मग त्यांनी एकच फाईल कार्डावरून माझ्या पीसीवर दोनदा कॉपी केली आणि विंडोजमध्येच असलेल्या सर्टयुटिल या कमांडनं तिन्ही फायलींचा हॅश काढला. हॅश म्हणजे फाईलच्या बाइट-बाइटवरून निघणारी आकडे-अक्षरांची एक ओळ. फाईलमध्ये एक बिट जरी बदललं तरी ती ओळ पूर्ण बदलते. कार्डावरच्या फाईलची ओळ एक, माझ्या पीसीवरच्या पहिल्या कॉपीची दुसरी, दुसऱ्या कॉपीची तिसरीच. तीच फाईल त्याच रीडरनं आणि त्याच केबलनं त्यांच्या लॅपटॉपवर कॉपी केली तर ओळ तंतोतंत जुळली. रीडर सुटला, केबल सुटली, कार्ड सुटलं. राहिला माझा पीसी. कॉपी करतानाच तो डेटा बिघडवत होता, आणि पक्क्या जागी फाटणाऱ्या फ्रेम त्या बिघडलेल्या कॉपीतल्या होत्या.

संशय रॅमवर. पीसी रात्रभर ठेवून घेतला आणि मेमटेस्ट८६ ही रॅम तपासायची टेस्ट लावली. ही टेस्ट पेन ड्राइव्हवरून थेट चालते, विंडोज सुरूच होत नाही, त्यामुळे विंडोजला किंवा एडिटिंग सॉफ्टवेअरला दोष देण्याची सोयच उरत नाही. सकाळी स्क्रीनवर लाल ओळींची रांग. कारण असं: १६ जीबीच्या चार स्टिक घातलेल्या, आणि बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, एक्सएमपी ही रॅम जास्त वेगानं चालवायची सोय चालू करून त्यांना ६००० च्या वेगानं पळवलेलं. तो वेग स्टिकच्या खोक्यावर छापलेला असतो, पण असल्या मदरबोर्डांवर डीडीआर-५ च्या चार स्टिक एकदम लावल्या की तो पेलेलच असं नसतं. ऑफिसच्या कामात हे कधी कळणारही नाही. चाळीस-पन्नास जीबीचं फुटेज रॅममधून जायला लागलं की कळतं. अण्णांनी एक्सएमपी बंद केलं, वेग खाली आणला, टेस्ट परत लावली. एकही चूक नाही. एक स्टिकही त्यांनी विकली नाही.

त्यानंतर त्यांनी जे सांगितलं त्यानं मात्र पोटात गोळा आला. या पीसीवर आजवर जे जे कॉपी केलं ते सगळं संशयित, म्हणून ज्यांची कार्डं अजून शाबूत आहेत त्या सगळ्यांना आजच फोन करा, फॉरमॅट करू नका म्हणून सांगा. मी दुकानाच्या पायरीवर बसूनच फोन लावले. बहुतेकांकडे डेटा होता. एका हळदीचं कार्ड मात्र परत वापरून झालं होतं, आणि त्यातला नवऱ्याच्या आजीनं हळद लावतानाचा तुकडा कायमचा गेला. तिथं दुसऱ्या कॅमेऱ्याचा शॉट घालून वेळ निभावली, पण तो शॉट लांबून आहे, आजीचा चेहरा त्यात नीट दिसत नाही. पीसी जोडणाऱ्यानं विकण्याआधी एक रात्र टेस्ट लावली असती तर तो तुकडा आज त्या घरात असता. एवढं मोठं यंत्र विकताना एवढी एक रात्र द्यायलाच हवी, यावर मी ठाम आहे.

अडखळण्याचं कारण पूर्णपणे वेगळं निघालं. अण्णांनी मीडियाइन्फो या फाईलची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फाईल उघडून दाखवली: एचईव्हीसी (म्हणजेच एच.२६५), ४:२:२, १० बिट. हे हार्डवेअरमधून उलगडणं प्रत्येक चिपला जमत नाही. एनव्हिडियाच्या कार्डांत ४:२:२ ची सोय ५० च्या मालिकेपासून, म्हणजे २०२५ पासून आली; माझ्या ४०६० मध्ये ती नाही. इंटेलच्या प्रोसेसरमधल्या अंगच्या ग्राफिकमध्ये मात्र एच.२६५ साठी ती ११व्या पिढीपासून आहे. पण माझ्या प्रोसेसरच्या नावापुढे एफ आहे, आणि एफ म्हणजे ते अंगचं ग्राफिकच नाही. थोडे पैसे वाचवायला एफ घातलेला, आणि ज्याला लग्नाचं फुटेज कापायचंय त्याला नेमकं तेच हवं होतं. गेम खेळणाऱ्या पोराला हा पीसी उत्तम. मला विकताना एकानंही विचारलं नाही की ताई, तुमच्याकडे कुठल्या कॅमेऱ्याचं फुटेज येतं.

इथं अण्णा मला पन्नासच्या मालिकेतलं नवं कार्ड सहज विकू शकले असते. ते म्हणाले, बोर्ड तोच राहू दे, नुसता १४४०० घाला एफशिवायचा, जुना माझ्याकडं ठेवा, त्याचे पैसे वजा करूया. तोवर काम अडू नये म्हणून प्रॉक्सी करून द्यायला शिकवलं: मूळ फायलींच्या हलक्या प्रती बनवायच्या, त्यांच्यावर कापाकापी करायची आणि एक्स्पोर्टला मूळ फाईल जोडायची. प्रोसेसर बदलल्यावर बायॉसमध्ये अंगचं ग्राफिक चालू ठेवलं, सॉफ्टवेअरमध्ये डिकोडिंगला इंटेल निवडलं, जुना कॅशे पूर्ण पुसला. आता दोन कॅमेरे एकावर एक चालतात. निपाणीच्या एका शूटरचा कॅमेरा ४:२:२ हे एच.२६४ मध्ये देतो, ते या चिपलाही जमत नाही. त्याच्या कामाला प्रॉक्सीशिवाय इलाज नाही, आणि हे अण्णांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं.

मोबाईलच्या फुटेजमध्ये आवाज मागे-पुढे होतो तो याहून निराळा प्रकार. मोबाईल फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम) बदलता ठेवतात, हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमधून तो स्थिर करून घेतला की काम होतं.

पैशांचं: तपासणी आणि मजुरी मिळून १२०० रुपये, प्रोसेसरच्या फरकाचे वेगळे. सोबत एक कागद मिळाला, कुठली टेस्ट लावली, काय निघालं, काय बदललं. कागद कन्नडमध्ये आहे. मराठी शाळेत कन्नड शिकलेल्या आपल्याला वाचायला अडचण नाही, पण चंदगडकडच्या लोकांनी तिथंच वाचून घ्यावा. पक्कं बिल मागितलं तरच मिळतं.

उण्या गोष्टीही आहेत. बोळात गाडी लावायला जागा नाही, पीसी रस्त्यावरून हातात न्यावा लागतो. अण्णा फोन उचलत नाहीत, काम झालं तरी स्वतःहून कळवत नाहीत, दोनदा-तीनदा चक्कर होते. मॅक घेत नाहीत. पुसलेल्या कार्डावरून डेटा काढायचं कामही करत नाहीत, आणि तसं तोंडावर सांगतात.

जाणार असाल तर मूळ कार्ड, ज्या रीडरनं आणि केबलनं कॉपी करता तो रीडर आणि ती केबल, आणि जिथं फाटतं त्याचे दोन-तीन स्क्रीनशॉट न्या. पीसीच्या खरेदीची पावतीही असू द्या, म्हणजे वॉरंटीत काय बसतं ते तिथंच ठरतं. दुपारी जेवणाला शटर खाली असतं. निपाणी-चिकोडीकडून येणाऱ्यांनी सकाळीच पोहोचावं, कारण पीसी टेस्टला रात्रभर ठेवावाच लागतो आणि संध्याकाळी आणलेला पीसी अण्णा त्या रात्री लावत नाहीत.