एफ-82 ट्विन मस्टँग सिमवर: सहा-सात महिने उडवल्यानंतर

संगणकावरच्या फ्लाइट सिम्युलेटरसाठी गेल्या पावसाळ्यात घेतलेलं, ट्विन मस्टँग या दोन धडांच्या अमेरिकन लढाऊ विमानाचं अ‍ॅड-ऑन आता भरपूर वापरून झालंय, म्हणून सविस्तर लिहितोय. यात दोन आवृत्त्या मिळतात. एक मर्लिन इंजिनांची पी-82बी (एफ-82 चं आधीचं नाव पी-82) आणि दुसरी अ‍ॅलिसन इंजिनांची, रडारवाली एफ-82जी. बी साठी दिलेले पैसे पुरेपूर वसूल झाले. जी अर्धवट आहे, आणि ते का याकडे खाली येतोच.

दोन साधी मस्टँग लढाऊ विमानं शेजारी ठेवली आणि मधे पंख टाकून जोडली, असं या विमानाबद्दल सर्रास सांगितलं जातं. तसं ते नाही. नॉर्थ अमेरिकन कंपनीत एडगर श्मूड यांनी 1943 च्या अखेरीस हे काम हाती घेतलं तेव्हा समोर पॅसिफिकमधली अंतरं होती. जपानवर जाणाऱ्या बॉम्बरना सोबत करायची म्हणजे तासन्‌तास समुद्रावरून जायचं, तिथे लढायचं आणि तेवढंच अंतर कापून परत यायचं. एकटा वैमानिक यात पिळून निघतो. म्हणून दोन वैमानिक, आळीपाळीने विमान सांभाळणारे. धडं एक्सपी-51एफ या मस्टँगच्या हलक्या प्रायोगिक आवृत्तीवरून घेतली, पण कॉकपिटच्या मागे सुमारे 1.45 मीटरने लांबवली. सहाच्या सहा मशिनगन मधल्या पंखात बसवल्या, त्यामुळे मारा एका जागी एकवटतो. हे सगळं कागदावर मला आधीपासून माहीत होतं. अंगात भिनलं ते डाव्या कॉकपिटमध्ये बसून लांबचे पल्ले मारल्यावर.

तुम्ही विमानाच्या मध्यरेषेवर बसलेलेच नसता. मध्यापासून दोनेक मीटर डावीकडे असता. उजवीकडे गिरकी घेतली की तुम्ही वर उचलले जाता, डावीकडे घेतली की खाली जाता, सी-सॉच्या एका टोकाला बसल्यासारखं. साध्या मॉनिटरवर हे जेमतेम जाणवतं. व्हीआर हेडसेट लावून उडवलं तेव्हा पहिल्या काही दिवसांत पोटात गोळा यायचा. उजवीकडे मान वळवली की अख्खं दुसरं धड दिसतं, त्याचा फिरता पंखा, त्याची कॅनोपी म्हणजे कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण. उतरताना धावपट्टीची मधली रेघ नाकासमोर धरायची नाही, ती स्वतःच्या उजव्या हाताला ठेवायची. ही सवय लागायला वेळ जातो, पण एकदा लागली की बाकीची विमानं उडवताना उलट चुकल्यासारखं वाटतं.

उड्डाणात मात्र हे विमान फार सरळ आहे. साधं मस्टँग थ्रॉटल दिल्याबरोबर एका बाजूला ओढतं, रडर पेडलवर सतत पाय लागतो. इथे दोन पंखे परस्परविरुद्ध फिरतात, त्यामुळे ते ओढणं एकमेकांत विरून जातं. यामागची हकीकत मला फार आवडते. पहिला नमुना 1945 मध्ये धावपट्टी सोडायलाच तयार नव्हता. पंख्यांची पाती मधल्या पंखाजवळ येताना खालून वर जात होती आणि त्याने त्या भागाची उचल मारली जात होती. फिरण्याच्या दिशा उलट केल्या, पाती मध्याजवळ वरून खाली येऊ लागली, आणि विमान उडालं. एवढ्या मोठ्या यंत्राचं नशीब पाती कुठल्या बाजूने फिरतात यावर अडलं होतं! अ‍ॅड-ऑनमध्ये बाहेरून बघताना दिशा बरोबर दाखवल्या आहेत. मी झूम करून खात्री केली.

या विमानाची खरी परीक्षा म्हणजे होनोलुलू ते न्यूयॉर्क. 27 फेब्रुवारी 1947 ला रॉबर्ट थॅकर आणि जॉन आर्ड यांनी ‘बेटी जो’ नावाचं पी-82बी वाटेत कुठेही न उतरता, हवेत इंधन न भरता तिथे नेलं. 8,129 किलोमीटर, साडेचौदा तास. आतल्या आणि पंखाखालच्या चार टाक्या धरून सुमारे 6,870 लिटर इंधन. रिकाम्या झालेल्या तीन टाक्या शेवटपर्यंत पंखाखालीच राहिल्या आणि त्या घेऊनच ते उतरले. पंख्याच्या लढाऊ विमानाचा हा पल्ला आजही मोडलेला नाही. ते विमान आता ओहायोत डेटनच्या हवाईदलाच्या संग्रहालयात आहे.

आम्ही हेच उड्डाण शेअर्ड कॉकपिटवर, म्हणजे दोघांनी आपापल्या संगणकावरून एकच विमान उडवत, केलं. मी डावीकडे, पुतण्या त्याच्या घरून उजवीकडे. उजव्या बाजूला मोजकीच उपकरणं आहेत, खऱ्या विमानातही तशीच होती. तेवढ्यावर दुसऱ्याने फक्त दिशा आणि उंची धरून ठेवायची. मध्यरात्रीनंतर, खाली काळं पाणी आणि समोर काहीच नाही अशा वेळी, “काका, तुम्ही पडा थोडा वेळ, मी आहे,” असं हेडफोनमध्ये ऐकू आलं. श्मूड यांनी दुसरं धड का लावलं ते मला त्या क्षणी कळलं. मोठी टाकी एकट्या इंजिनालाही लावता आली असती, पण दमलेल्या माणसाला विसावा द्यायला दुसरा माणूसच लागतो.

आता जी बद्दल. ब्रिटिश मर्लिन इंजिनांचा परवाना संपवून अमेरिकन अ‍ॅलिसन इंजिनं बसवली आणि विमान आधीच्यापेक्षा मंद झालं. त्या इंजिनांचे स्पार्क प्लग सारखे खराब व्हायचे, बॅकफायर व्हायचे, मेकॅनिक जेरीस यायचे. अ‍ॅड-ऑनमध्ये यातलं काहीही नाही. जमिनीवर कितीही वेळ इंजिन मंद चालू ठेवा, काही बिघडत नाही. रडारचा पडदा नुसता उजळतो, त्यावर लक्ष्य येत नाही. निर्मात्यांना दोनदा लिहिलं, ठरावीक उत्तर आलं. याचं वाईट वाटतं, कारण इतिहास या आवृत्तीनेच घडवला. कोरियन युद्धाच्या सुरुवातीला जपानमधून जाणाऱ्या एफ-80 जेटना कोरियावर फार वेळ थांबता येत नसे, ट्विन मस्टँगला येत असे. 27 जून 1950 ला दक्षिण कोरियातल्या किम्पो तळाजवळ, नागरिकांना घेऊन निघणाऱ्या विमानांना संरक्षण देताना, विल्यम हडसन आणि त्यांचे रडारचालक कार्ल फ्रेझर यांनी त्या युद्धातला अमेरिकेचा पहिला हवाई विजय मिळवला. असं विमान अर्ध्या तयारीने विकायला नको होतं.

विचित्र विमानांच्या यादीत याला गॉब्लिनच्या शेजारी बसवतात, तेही मला पटत नाही. एक्सएफ-85 गॉब्लिन हे बॉम्बरच्या पोटात मावेल एवढं लढाऊ जेट होतं, त्याला चाकंही नव्हती. 1948 मध्ये हवेतच बॉम्बरला परत अडकण्याच्या पहिल्याच प्रयत्नात ते बी-29 खालच्या हवेच्या खळबळीत अडकवायच्या आकड्यावर आदळलं, कॅनोपी फुटली आणि एड शॉक यांना ते पोटावर उतरवावं लागलं. तिथे मूळ कल्पनाच तकलादू होती. ट्विन मस्टँग दिसायला विचित्र आहे, पण ते अडीचशेहून जास्त बनलं आणि कामाला आलं. जर्मनांच्या हाइंकेल 111झेड या विमानाची गोष्टही तशीच. दोन हाइंकेल बॉम्बर जोडून मधे पाचवं इंजिन लावलं, कारण गिगांट हे राक्षसी बिनइंजिनाचं ग्लायडर ओढायला एक विमान पुरत नव्हतं.

घेणार असाल तर काही व्यवहारी गोष्टी. दोन कॉकपिटमुळे ग्राफिक्स कार्डवर ताण येतो, मोठ्या शहरांवर फ्रेम रेट पडतो. उजव्या कॉकपिटचे तपशील कमी ठेवायची सोय सेटिंग्जमध्ये आहे, एकटे उडवताना ती वापरा. बाहेरच्या टाक्यांमधलं इंधन दोन्ही बाजूंनी समान जातंय का ते दर अर्ध्या तासाने बघा, तिथे सॉफ्टवेअर कधीकधी एकाच बाजूची टाकी रिकामी करतं. आणि फक्त जी साठी घेणार असाल, तर रडार दुरुस्त होईपर्यंत थांबा.