टोबरमोरीहून बास्किंग शार्क पाहण्याची बोटफेरी : एक अभिप्राय

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील मल बेटावरच्या टोबरमोरी बंदरातून उन्हाळ्यात वन्यजीव दाखवणाऱ्या बोटी सुटतात. त्यांपैकी कोल आणि टायरी बेटांकडे जाणाऱ्या एका दिवसभराच्या फेरीविषयी हा अभिप्राय आहे. बास्किंग शार्क हा प्रचंड मासा दिसला की नाही यावरून अशा फेरीची पारख करू नये, तो दिसल्यावर बोट त्याच्याशी कशी वागते यावरून करावी, असे माझे ठाम मत आहे.

शार्क दिसेलच याची हमी देता येणार नाही, असे तिकीट देतानाच स्पष्ट सांगण्यात आले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटली. हे मासे साधारण मे ते ऑक्टोबर या काळात या समुद्रात दिसतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये शक्यता सर्वाधिक असते. पण जिथे प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, दाट असतात, तिथेच ते जातात आणि प्लवकांचे ठिकाण वारा व भरती-ओहोटीच्या प्रवाहांबरोबर बदलत राहते. म्हणूनच कप्तान ठरलेल्या वाटेने न जाता, दोन प्रवाह मिळून जिथे पाण्यावर फेसाची रेघ उमटते, त्या रेघेच्या कडेकडेने बोट नेत होता.

कोलच्या जवळ पाण्याबाहेर आधी पाठीवरचा मोठा, शेंड्याशी किंचित कललेला पर दिसला आणि त्याच्या बऱ्याच मागे शेपटीचे टोक संथपणे इकडून तिकडे हलताना दिसले. हे दोन्ही एकाच माशाचे आहेत हे उमगायला क्षणभर वेळ लागतो. सुमारे शंभर मीटरवर कप्तानाने इंजिन न्यूट्रलमध्ये टाकले आणि मग शार्क स्वतःहूनच बोटीच्या कडेने पुढे आला. जवळजवळ मीटरभर रुंद उघडलेला जबडा, आतला फिकट पांढरा रंग आणि डोक्याला जवळपास वेढणाऱ्या कल्ल्यांच्या लांब फटी स्वच्छ पाण्यात स्पष्ट दिसत होत्या. व्हेल शार्कनंतर जगातला हा दुसऱ्या क्रमांकाचा मोठा मासा, आणि त्याचे सारे खाणे पाण्यातून गाळून घेतलेले सूक्ष्म जीव! एका प्रवाशाने छायाचित्रासाठी आणखी जवळ जाण्याचा आग्रह धरला, तेव्हा कप्तानाने शांतपणे नकार दिला. मला तो अत्यंत योग्य वाटला. यकृतातील तेलासाठी विसाव्या शतकात या माशांची बेसुमार शिकार झाली. ब्रिटनमध्ये 1998 पासून त्यांना कायद्याचे संरक्षण आहे आणि 2020 मध्ये या बेटांभोवतीचा हेब्रिडीजचा समुद्र प्रामुख्याने त्यांच्यासाठी आणि मिंकी देवमाशांसाठी संरक्षित क्षेत्र म्हणून घोषित झाला.

उणिवा आहेतच. वाऱ्यात ध्वनिक्षेपकावरची माहिती बोटीच्या मागच्या भागात नीट ऐकू येत नव्हती आणि आडोशाच्या जागा प्रवाशांच्या मानाने अपुऱ्या होत्या. जाणाऱ्यांनी भर उन्हाळ्यातही जाड, वारा न शिरणारे कपडे, मळमळीवरची गोळी आणि पाण्यावरची चकाकी कमी करणारा पोलराइज्ड चष्मा सोबत ठेवावा. त्या चष्म्याशिवाय पृष्ठभागाखालचे शरीर निम्मेसुद्धा दिसत नाही. शक्य असल्यास दुर्बीणही न्यावी आणि पराच्या कडेवरील खाचा दिसतील असे छायाचित्र मिळाल्यास ते बोटीवरील मार्गदर्शकाला द्यावे, कारण त्या खाचांवरून एकेक शार्क ओळखता येतो.