खुंटलेली हायड्रोपोनिक रोपे: आधी दिवा बदलावा की मीटर घ्यावा?

घरातल्या खोलीत मातीशिवाय, खत मिसळलेल्या पाण्यावर (हायड्रोपोनिक पद्धतीने) दिव्याखाली लावलेली लेट्यूसची किंवा ढोबळी मिरचीची रोपे दोन खऱ्या पानांवर येऊन अडली, की खर्चाचे दोन मार्ग समोर येतात: चांगला ग्रो लाइट किंवा पीएच (पाण्याची आम्लता) आणि ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज) मोजणारे मीटर. तिसरा मार्ग, म्हणजे खताची मात्रा वाढवणे, या तुलनेत घेतलेला नाही. न मोजता खत वाढवल्याने नाजूक मुळे करपण्याचीच शक्यता अधिक असते.

निवड करण्यापूर्वी रोपाचे खोड पाहावे. प्रकाश कमी पडला तर रोप सहसा बुटके राहत नाही. ते दिव्याच्या दिशेने लांब, बारीक आणि फिकट होत जाते व अखेर कलंडते. याउलट रोप ठेंगणेच राहिले आणि नव्या पानांच्या शिरा हिरव्या असूनही मधला भाग पिवळा पडला, तर संशय पाण्यावर घ्यावा. पीएच ६.५ च्या वर गेला की अनेक खतमिश्रणांत असणारे ईडीटीए स्वरूपातील लोह (लोह विरघळलेले ठेवणाऱ्या ईडीटीए या रसायनाशी बांधलेले) टिकत नाही, त्यामुळे टाकीत लोह असूनही ते रोपाला मिळत नाही.

दिव्याच्या बाजूने पाहता, लेट्यूसच्या रोपांना दिवसाला सोळा तास, पानांच्या पातळीवर १५० ते २०० मायक्रोमोल (दर चौरस मीटरवर दर सेकंदाला पडणारा, रोपाला वापरता येणारा प्रकाश मोजण्याचे एकक) प्रकाश पुरेसा होतो. खोक्यावरचे वॅट केवळ विजेचा वापर सांगतात, पानापर्यंत किती प्रकाश पोहोचतो हे नव्हे. मात्र दिवा थोडा खाली आणणे आणि बारा तासांऐवजी सोळा तास चालू ठेवणे हे दोन्ही उपाय जवळपास फुकट आहेत. ते करूनही खोड ताणतच राहिले, तरच नवा दिवा घेण्यात अर्थ आहे.

पाण्याच्या बाबतीत अशी फुकटची सोय नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणातून उपसलेल्या बोअरच्या पाण्यात पीएच वर ढकलणारे बायकार्बोनेट पुष्कळ असू शकते. अशा पाण्याचा पीएच आज ५.८ वर आणला तरी काही दिवसांत तो पुन्हा चढतो. शिवाय त्या पाण्याचा स्वतःचाच ईसी ०.८ असेल, तर लेट्यूसच्या रोपांसाठी योग्य मानल्या जाणाऱ्या ०.८ ते १.२ मिलिसीमेन्सच्या मर्यादेत खताला फारच थोडी जागा उरते, आणि आरओचे पाणी मिसळावे लागते. नीट न धुतलेल्या कोकोपीटमधील (नारळाच्या काथ्याच्या भुशातील) क्षारही हाच घोटाळा करतात. यांपैकी काहीही डोळ्यांना दिसत नाही. म्हणून पैसे एकाच वस्तूपुरते असतील, तर माझा कौल मीटरला आहे. फक्त खिडकीच्या उजेडावर किंवा छताच्या ट्यूबवर रोपे वाढवणाऱ्याने तेवढा आधी दिवा घ्यावा.

एप्रिल-मेमध्ये मात्र दोन्ही खरेद्या थांबवून नेट पॉट (रोप ठेवलेली जाळीदार कुंडी) उचलून पाहावा. मुळे पांढरी आणि बारीक केसाळ असतील तर ठीक. ती तपकिरी, बुळबुळीत आणि कुजकट वासाची असतील, तर पाणी तापलेले आहे. २५ अंशांच्या वर पाण्यातला प्राणवायू घटत जातो आणि मुळे कुजवणारा पिथियम हा बुरशीसारखा रोगजंतू फोफावतो. तेव्हा उपयोग साध्या थर्मामीटरचा, एअर पंपाचा आणि टाकी झाकण्याचा.

मीटर घेतलेच, तर मीटरचे माप जुळवण्यासाठी ४ आणि ७ पीएचची बफर द्रावणे त्याच वेळी घ्यावीत व पीएच मीटरचे टोक स्टोरेज द्रावणात ओले ठेवावे, डिस्टिल्ड पाण्यात नव्हे. एवढी निगा जमणार नसेल, तर पीएचसाठी रंग बदलणाऱ्या थेंबांचे किट घ्यावे आणि वाचलेल्या पैशांत नुसते ईसी मीटर.