रुपे क्रेडिट कार्ड: पॉइंट चिल्लर, सोय बरी

बँकेचं नाव नको, पण कार्ड रुपेचं आहे. घेतलं ते यूपीआयला जोडता येतं म्हणून. आमच्या नागपुरात इतवारीतला किराणा, धरमपेठेतली औषधं, सगळं स्कॅन करून. कॉटन मार्केटातला भाजीवाला मात्र स्वतःच्या खात्याचा क्यूआर पुढे करतो. तिथे हे चालत नाही, व्यापारी क्यूआरच लागतो.

शंभर रुपयांना एक पॉइंट, पॉइंटचे पंचवीस पैसे. चार हजारांच्या किराण्यावर दहा रुपये, म्हणजे बर्डीवर एक चहा! वरून पॉइंट वटवायचे ९९ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी. झाले ११६ रुपये ८२ पैसे. पेट्रोलवर तर भोपळा. पॉइंटपायी संत्र्याची जादा पेटी उचलू नका बाप्पा. बिल वेळेत भरलं तर महिनाभराची उधारी बिनव्याजी मिळते, तेवढ्यासाठी तीन स्टार.