रिचर्ड थॉम्पसन : पावसाळ्यापासून रोज ऐकल्यावर

गेल्या जूनमध्ये रिचर्ड थॉम्पसन ऐकायला घेतला, तो अजून बाजूला ठेवलेला नाही. दिवसभर बेळगावच्या उद्यमबागेत लेथपुढं उभं राहायचं, संध्याकाळी वडगावात घरी आलं की गल्लीत यंत्रमागांची खडखड सुरू. एवढ्या आवाजातून कानापर्यंत पोचेल आणि रात्री सगळं शांत झाल्यावरही पुरेल, असं संगीत मला लागतं. नवा गायक पहिले काही आठवडे सगळ्यांनाच आवडतो, म्हणून मुद्दाम थांबून लिहायला बसलोय.

नाव नवीन असेल त्यांच्यासाठी थोडक्यात. हा लंडनचा, जन्म १९४९ चा. १९६७ साली फेअरपोर्ट कन्व्हेन्शन हा बँड उभा करणाऱ्यांत तो होता. मे १९६९ मध्ये कार्यक्रमाहून परतताना त्यांच्या गाडीला एम-वन महामार्गावर अपघात झाला. त्यात ड्रमर मार्टिन लॅम्बल आणि थॉम्पसनची मैत्रीण जीनी फ्रँकलिन गेले. त्याच वर्षाच्या शेवटी उरलेल्यांनी ‘लीज अँड लीफ’ काढला, इंग्लंडची जुनी लोकगीतं इलेक्ट्रिक गिटारवर घेऊन. नंतर थॉम्पसन बाहेर पडला आणि स्वतःची गाणी लिहू लागला, ती अजून लिहितोच आहे. २०११ मध्ये त्याला ओबीई हा ब्रिटिश सरकारी सन्मान मिळाला. पण रॉक ऐकणारी आमच्याकडची पोरं चार-पाच ठरलेली नावं सोडून पुढं जात नाहीत, त्यांना हा माहीतच नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ज्यांना माहीत आहे ते गिटारवादक म्हणून त्याचं नाव घेतात. इतके महिने ऐकून माझं मत झालंय की गिटार थोर आहेच, पण गाणी लिहिणारा थॉम्पसन त्याहून मोठा आहे.

आधी गिटारबद्दल, कारण कान पहिल्यांदा तिथंच अडकतो. पिक, म्हणजे तारा छेडायची छोटी पट्टी, अंगठा आणि पहिल्या बोटात धरून तो खालचे स्वर वाजवतो, आणि त्याच वेळी मोकळ्या राहिलेल्या मधल्या बोटांनी वरच्या तारांवर चाल काढतो. ऐकताना दोघं बसलेत असंच वाटतं. एखादी तार तो सतत घुमत ठेवतो. स्कॉटिश बॅगपाइपच्या संगीताचं वळण त्याच्या हातात आहे, वडील स्कॉटलंडचे. मला मात्र गावाकडचं एकादशीचं भजन आठवतं : अभंग बदलतात, गाणारे बदलतात, गळ्यात वीणा अडकवून उभा असलेला माणूस तोच एक स्वर छेडत राहतो. असं ऐकत वाढलेल्याला थॉम्पसन परका वाटत नाही. ‘कॅल्व्हरी क्रॉस’ हे गाणं घ्या. १९७५ च्या एका कार्यक्रमातलं त्याचं ध्वनिमुद्रण तेरा मिनिटांहून लांब आहे. मोजकेच कॉर्ड (एकदम वाजणारे स्वरांचे गट), तेच फिरून येतात, आणि त्यावर गिटार हळूहळू चढत जाते. घाई नाही, दाखवेगिरी नाही.

आता गाणी. ‘१९५२ व्हिन्सेंट ब्लॅक लायटनिंग’ हे १९९१ च्या ‘रूमर अँड साय’ अल्बममधलं. एक गिटार, एक आवाज, बाकी काही नाही. व्हिन्सेंट ब्लॅक लायटनिंग ही इंग्लंडात स्टीव्हनेजला बनलेली ९९८ सीसीची खरीखुरी मोटारसायकल. फार थोड्या बनल्या, तीसच्या आसपास. गाण्यातला जेम्स हा दरोडे घालणारा तरुण, मॉली ही लाल केसांची मुलगी. तिची-त्याची ओळख होते ती गाडीवरून.

आमच्या शेजारी एक मामा आहेत, म्हैसूरच्या कारखान्यातल्या जुन्या यझदी दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. एका रविवारी गॅरेजमध्ये मी हे गाणं लावलं. इंग्रजी त्यांना फारसं कळत नाही. कार्बुरेटर पेट्रोलनं पुसत होते, हात थांबला.

“काय म्हणायलाय रे हा?”

मी गोष्ट सांगितली. एकविसाव्या वर्षी जेम्सला गोळी लागते, मॉली धावत येते, तो गाडीची किल्ली तिच्या हातात देतो आणि जातो.

“मग त्या पोरीनं गाडी विकली की ठेवली?”

“ते गाण्यात नाही, मामा.”

“ठेवली असणार. असली गाडी कोण विकतंय? परत लाव की.”

परत लावलं. गाणं उभं राहतं ते त्या गाडीवर. प्रेमाबद्दल थॉम्पसन फार बोलत नाही, बोलतो ते यंत्राबद्दल. गाडीचं नाव, मॉडेल, कुठल्या गाड्या हिच्यापुढं फिक्या पडतात, हे सगळं जेम्स इतक्या जीव लावून सांगतो की माणूस आपोआप कळतो. धातूचं काम करणाऱ्याला हे लगेच भिडतं. माझा भाचा गिटार शिकतोय, त्यालाही बसवून ऐकवलं. सहाव्या तारेचा सूर उतरवून सी, पाचवीचा उतरवून जी, आणि गिटारच्या मानेवर तिसऱ्या पट्टीशी सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा (कॅपो), एवढी तयारी केल्यावर पहिली ओळ त्याच्या हातून कशीबशी निघाली. थोर अमेरिकी गीतकार बॉब डिलननं २०१३ मध्ये हे गाणं रंगमंचावर म्हटलं, यावरून त्याची किंमत कळावी.

१९७४ चा ‘आय वाँट टू सी द ब्राइट लाइट्स टुनाइट’ हा तेव्हाची पत्नी लिंडा थॉम्पसनबरोबरचा अल्बम. तो १९७३ मध्येच तयार होता, पण तेलटंचाईमुळे रेकॉर्डसाठी व्हिनाइल, म्हणजे तेलापासून बनणारं प्लास्टिक, मिळेना आणि प्रकाशन लांबलं. शेवटचं ‘द ग्रेट व्हॅलेरिओ’ हे तारेवर चालणाऱ्याचं गाणं. जत्रेत दोरावरची कसरत मान वर करून पाहिलेल्या कुणालाही ते समजेल, कारण नजर आहे ती खाली उभ्या असलेल्या गर्दीची. लिंडाचा आवाज इतका सरळ की भीतीच वाटावी. याच अल्बममध्ये पाळण्यातल्या बाळाला उद्देशून एक गाणं आहे, आणि त्यात बाळाला सांगितलंय की इंद्रधनुष्याच्या टोकाला काहीच नाही. आमच्या घरी लहान मूल आहे. “हे पोरासमोर लावायचं नाही,” असं बायकोनं बजावलं. तिचं बरोबर आहे. थॉम्पसन खोटा दिलासा देत नाही, आणि दमून आलेल्या माणसाला प्रत्येक रात्री ते पेलत नाही. अशा रात्री मी नुसती गिटार ऐकतो.

काही गोष्टी खटकल्या, त्याही सांगतो. आवाज जाड आहे, रुळायला वेळ लागतो. ऐंशीच्या दशकातल्या काही अल्बममध्ये ड्रमचा आवाज आज फार जुना वाटतो. स्वस्त इअरफोनवर उतरवलेल्या खालच्या तारा ऐकूच येत नाहीत, आणि त्या गेल्या की निम्मं गाणं गेलं. साधे का होईना, टेबलावरचे स्पीकर घ्या. शब्द समोर ठेवूनच ऐका, इंग्लंडच्या बोलीतले बरेच शब्द निसटतात.

सुरुवात २०१४ च्या ‘अकूस्टिक क्लासिक्स’पासून करा. त्यात आपलीच जुनी गाणी त्यानं एकट्यानं गिटारवर पुन्हा म्हटली आहेत, व्हिन्सेंटही आहे. मग १९७४ चा अल्बम, मग १९८२ चा ‘शूट आउट द लाइट्स’. हा शेवटचा आधी ऐकू नका. रिचर्ड आणि लिंडा वेगळे झाले त्याच सुमारास तो आला, त्यामुळं सगळे त्यात त्यांचं भांडण शोधतात. गाणी मात्र त्याआधी लिहिलेली आहेत. आधी गाणी म्हणून ऐका, मग त्यातली गिटार अंगावर येते.

२०२४ मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीत, त्याचा ‘शिप टू शोअर’ आला. सध्या रात्री तोच चालू आहे, आणि मामांनी गॅरेजसाठी मोबाइलवर घालून मागितलाय.