‘राइट बॅक’ छापलेल्या चिप्स आणि माझे गेलेले पैसे

४८६ प्रोसेसरच्या जुन्या पीसीचा मदरबोर्ड घ्यायला निघाला असाल आणि त्याच्या कॅशे चिप्सवर (कॅशे म्हणजे प्रोसेसरला वारंवार लागणारी माहिती हाताशी ठेवणारी वेगवान मेमरी) कंपनीचं नाव नसून नुसतं ‘राइट बॅक’ छापलेलं दिसलं, तर पैसे देण्याआधी थांबा. मी थांबलो नाही. विकणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवला, आणि त्याने पाठवलेल्या एका फोटोवर तर डोळे झाकून.

मला यूएमसी या तैवानी कंपनीच्या चिपसेटचा बोर्ड हवा होता. चिपसेट म्हणजे प्रोसेसर, मेमरी आणि बाकीच्या भागांमधला कारभार सांभाळणाऱ्या चिप्स. इंटेलचे जुने बोर्ड सगळेच जमवतात. पण ४८६ च्या शेवटच्या काळात, कार्डं लावायचे पीसीआय स्लॉट आले तेव्हा, स्वस्तातले बोर्ड बहुतेक तैवानी चिपसेटवर चालायचे: सिस कंपनीचा ४९६/४९७, एएलआय कंपनीचा एम१४८९, आणि यूएमसीची यूएम८८८१ व यूएम८८८६ ही जोडी. यूएमसी १९८० साली तैवानमध्ये सुरू झाली. तिने स्वतःचा ४८६ जातीचा प्रोसेसरही काढला होता, ‘ग्रीन सीपीयू’. इंटेलशी पेटंटचा वाद असल्यामुळे त्यावर ‘अमेरिकेत विक्रीसाठी नाही’ असं छापलेलं असायचं. पुढे कंपनीने हा धंदाच सोडला आणि ती दुसऱ्यांच्या चिप्स बनवून देणारी फाउंड्री झाली. म्हणजे तिचे चिपसेट हा मोजक्या वर्षांचा ऐवज आहे, आणि माझा त्यात फार जीव आहे.

विक्रेत्याने लिहिलं होतं: यूएम८८८१ चिपसेट, २५६ केबी कॅशे, चालू स्थितीत, डीएक्स२-६६ प्रोसेसरसकट. कॅशे नसलेल्या तशाच बोर्डापेक्षा किंमत जवळपास दुप्पट. नकली कॅशेबद्दल मी ऐकून होतो, म्हणून सरळ विचारलं, ‘कॅशे खरी आहे ना? टेस्ट केलीय का?’ त्याने लगेच कॅशेचेक या कॅशेचा वेग मोजणाऱ्या प्रोग्रॅमच्या स्क्रीनचा फोटो पाठवला. ‘सर, याच बोर्डाचा आहे, बघून घ्या.’ २५६ केबीपर्यंत वेग टिकलेला आणि त्यापुढे पडलेला दिसत होता. मी त्याच दिवशी पैसे पाठवले.

बोर्ड आला तो व्यवस्थित पॅक होऊन. चालू केला, आणि पहिल्याच पडद्यावर २५६ केबी कॅशेची ओळ. जीव भांड्यात पडला. मग डॉस सुरू होताना एफ५ दाबून मेमरी मॅनेजर वगैरे सगळं वगळलं आणि कॅशेचेक चालवला. हा प्रोग्रॅम आधी १ केबीचा तुकडा वाचतो, मग २, ४, ८ असं वाढवत नेतो, आणि दर वेळी एका केबीला किती वेळ लागला ते दाखवतो. प्रोसेसरच्या आतली कॅशे संपली की वेग एक पायरी खाली येतो, बोर्डावरची संपली की दुसरी पायरी. माझ्या बोर्डावर ८ केबीनंतर एकच पायरी आली आणि वेग थेट रॅमच्या पातळीवर जाऊन बसला. १६ केबी घ्या, ६४ घ्या, २५६ घ्या, आकडा हलेना. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅममध्ये, जाऊन बाहेरची (बोर्डावरची) कॅशे बंद केली. पुन्हा तेच आकडे. बंद करून काहीच फरक पडत नाही म्हणजे ती चालू कधी नव्हतीच.

मग बोर्ड दिव्याखाली घेतला. खऱ्या कॅशे चिपवर बनवणाऱ्याची खूण असते, ६१२५६ सारखा नंबर असतो आणि शेवटी १५ किंवा २० असा नॅनोसेकंदांतला वेग असतो. ३२ केबीच्या आठ चिप्स मिळून २५६ केबी होतात, आणि कुठल्या पत्त्याची माहिती आत आहे हे लक्षात ठेवायला नववी, टॅगची चिप लागते. माझ्या बोर्डावर नंबर नाही, वेग नाही, टॅगची चिप नाही. आठही चिप्सवर एकच शिक्का, ‘राइट बॅक’. हे दोन शब्दच खरं तर चोरी पकडून देतात. राइट बॅक ही कॅशे वापरायची एक पद्धत आहे आणि ती चिपसेट ठरवतो. नुसत्या मेमरी चिपला त्यातलं काही कळत नाही. असला शिक्का चिपवर मारण्याचं काही कारणच नाही.

तरीही खात्री करायची म्हणून वीज काढून मल्टिमीटर बझरवर लावला. एकाच बँकेतल्या, म्हणजे एका गटात मिळून चालणाऱ्या, चिप्सच्या पत्त्याच्या पिना एकमेकींना जोडलेल्या असतात, म्हणजे एका चिपच्या १० नंबरच्या पिनेवरून दुसरीच्या १० नंबरवर गेलं की बझर वाजायला हवा. वाजला नाही. २८ नंबरची पिन ५ व्होल्टच्या लाइनला जायला हवी. तीही जात नव्हती. शेवटी गरम हवेने एक चिप उतरवली. मशीन सुरू झालं आणि पडद्यावर तीच ओळ, २५६ केबी! बायोसमध्ये तो आकडा कायमचा लिहून ठेवलेला. उतरवलेली चिप पकडीत धरून फोडली. आत सिलिकॉन नाही, तारा नाहीत. काळं प्लास्टिक आणि त्यात थोड्याशा शिरलेल्या पिना.

ही लबाडी मुळात कारखान्यातलीच, १९९० च्या दशकातल्या मध्याची. त्या काळी अनेकांनी असे बोर्ड नवे म्हणून घेतले आणि त्यांना कधी कळलंही नाही. विकणाऱ्यालाही कळलं नसेल, असं मी आधी धरून चाललो. शांतपणे सगळं लिहून त्याला कळवलं. उत्तर आलं, ‘मशीन चालू होतंय ना? स्क्रीनवर कॅशे दिसतेय ना?’ तेव्हा मी त्याचा फोटो पुन्हा उघडला, आणि या वेळी नीट वाचला. त्यात प्रोसेसरचा वेग १०० मेगाहर्ट्झ होता, आणि पहिली पायरी ८ नव्हे, १६ केबीनंतर होती. ती डीएक्स४ या ४८६ च्याच पुढच्या प्रोसेसरची खूण. मला आलेला प्रोसेसर डीएक्स२-६६, म्हणजे ६६ मेगाहर्ट्झचा आणि आत ८ केबी कॅशेचा. हे विचारल्यावर म्हणाला, टेस्टसाठी दुसरा प्रोसेसर लावला होता. पण प्रोसेसर कुठलाही लावा, २५६ केबीवरची पायरी या बोर्डावर येणारच कशी? त्यासाठी लागणाऱ्या चिप्सच बोर्डावर नाहीत. फोटो दुसऱ्या बोर्डाचा होता आणि ते त्याला ठाऊक होतं. त्यानंतर त्याने उत्तर देणं बंद केलं. पैसे गेले ते गेलेच. आज मी असा बोर्ड घेतला तर बाहेरची कॅशे चालू आणि बंद अशा दोन्ही टेस्टचा सलग व्हिडिओ मागेन, आणि त्याच व्हिडिओत कॅमेरा बोर्डावरच्या चिप्सवर नेऊन त्यांचे नंबर दाखवायला सांगेन.

मग चिपसेटचीच शंका यायला लागली. नव्वदच्या दशकात चिपसेटवरचं मूळ नाव जाऊन तिथे दुसरंच नाव येणं सर्रास चालायचं. इंटेलचा ४३०टीएक्स हा चिपसेट १९९७ साली आला आणि पाठोपाठ ‘टीएक्स प्रो २’ नावाचे बोर्ड दिसू लागले. वाचणाऱ्याला वाटावं की इंटेलच्याच घरातला आहे, आत असायचा सिसचा ५५९८. सिसचा चिपसेट वाईट नव्हता, पण घेणाऱ्याला आपण काय घेतोय ते कळू द्यायचं नव्हतं, राग त्याचा येतो. माझ्या बोर्डाच्या चिपसेटवरचा स्टिकर हेअर ड्रायरने सैल करून सोलला. खाली यूएमसीची खूण निघाली, यूएम८८८१. तेवढं एक खरं निघालं.

म्हणून बोर्ड ठेवला आहे. मागच्या बाजूला पक्क्या मार्करने लिहिलंय, ‘कॅशे नकली, बायोसमधला आकडा खोटा’, आणि फोडलेली चिप छोट्या पिशवीत घालून त्याच डब्यात ठेवली आहे. माझ्यानंतर हा बोर्ड ज्याच्या हातात जाईल, त्याला डबा उघडल्याबरोबर ती दिसेल.