आर्टेमियाचा सीलबंद डबा: कोळंबीची पिल्ले जगवताना आलेला अनुभव

ठाण्यातील आमच्या घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत पेपरमिंट कोळंबीची एक जोडी आहे. खडकांवर माजलेले एप्टेसिया हे उपद्रवी समुद्रपुष्प तिने खावे, एवढ्यासाठीच ती आणली होती. अंडी तिने आपण होऊन धरली आणि त्यात आमचे कर्तृत्व काहीच नव्हते. लिस्माटा प्रजातीतील या कोळंब्या आधी नर असतात व पुढे उभयलिंगी होतात. त्यामुळे कोणत्याही दोन वाढलेल्या कोळंब्यांची जोडी जमते. जी नुकतीच कात टाकते ती त्या वेळी मादी ठरते आणि पुढचे साधारण दोन आठवडे तिच्या पोटाखाली हिरवट अंडी दिसत राहतात. दिवे मालवल्यावर एका रात्री पिल्ले बाहेर पडतात आणि त्यांना पहिल्या दिवसापासून जिवंत, तोंडात मावेल असे खाद्य लागते. असे खाद्य म्हणजे आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातील इवल्या कवचधारी जिवाची अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्ले. त्या अंड्यांचे हे परीक्षण आहे.

पहिल्या खेपेला मी एका दुकानातून सुटी भरलेली ५० ग्रॅमची पिशवी आणली. तिच्यावर ना तारीख होती, ना मूळ उत्पादकाचे नाव, आणि महिना होता जुलैचा. ही सुप्त अंडी हवेतील ओल चटकन शोषतात. अर्धवट ओल लागलेले अंडे फुटतही नाही आणि निवांत झोपूनही राहत नाही, आतला जीव साठवलेली शक्ती खर्चून मरतो. अंडी मिठाच्या पाण्याच्या बाटलीत घातल्यावर चोवीस तासांनी तळाशी तपकिरी गाळ उरला होता आणि पोहणारे जीव बोटांवर मोजण्याइतके होते. चौथ्या दिवशी कोळंबीचे एकही पिल्लू शिल्लक नव्हते.

दुसऱ्या खेपेला अमेरिकेतील युटा राज्यातल्या ग्रेट सॉल्ट लेकमधील अंड्यांचा ४२५ ग्रॅमचा सीलबंद डबा घेतला. त्यावर ९० टक्के अंडी फुटण्याचा दावा आहे. भिंगाखाली १०० अंडी मोजून वेगळ्या कुपीत घातली, तेव्हा २४ तासांत ८३ आणि ३६ तासांत ८७ फुटली. दावा थोडा फुगवलेला असला तरी खोटा म्हणता येणार नाही. खाद्यासाठीची अंडी उबवायला दीड लिटरची सोड्याची बाटली तळ कापून उलटी टांगली, पाण्यात लिटरमागे ३० ग्रॅम समुद्री मीठ घातले, तापमान २८ अंशांवर ठेवले आणि हवेचा पंप व दिवा अखंड चालू ठेवला. दुसऱ्या दिवशी पंप बंद करून दहा मिनिटे थांबले की रिकामी कवचे वर तरंगतात, न फुटलेली अंडी तळाशी बसतात आणि मधला केशरी ढग हळूहळू दिव्याकडे सरकतो. तेवढाच नळीने ओढून, बारीक जाळीतून गाळून, गोड्या पाण्याने धुऊन घ्यावा. कवचे टाकीत गेली तर कुजून पाणी बिघडवतात. खाऊ घालण्यास उशीर करू नये, कारण आर्टेमियाची पिल्ले पहिले काही तास अंगच्या बलकावरच जगतात आणि जसजसा तो संपतो तसतसे त्यांचे पोषणमूल्यही घटते.

तक्रार आहे ती डब्याच्या आकाराची आणि झाकणाची. एका ग्रॅममध्ये दोन-तीन लाख अंडी असतात, त्यामुळे एका जोडीसाठी ४२५ ग्रॅम म्हणजे चैनच, आणि सील फोडल्यावर उरणारे प्लॅस्टिकचे झाकण दमट हवा अडवत नाही. उघडलेला डबा कसा जपावा, याबद्दल लेबलावर अवाक्षर नाही. मी निम्मी अंडी सिलिका जेलच्या पुड्यांसह काचेच्या बरण्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवली. (बरणीवर ‘हा मसाला नव्हे’ अशी चिठ्ठी लावावी लागली, आणि ती लावण्यास एक दिवस उशीर झाला.)

या खेपेला गोल भांड्यात मंद प्रवाहात ठेवलेल्या कोळंबीच्या साठेक पिल्लांपैकी सात जगली. त्यांचे वल्ह्यांसारखे लांब पाय एकमेकांत अडकतात आणि बरीचशी त्यातच जातात. तो दोष खाद्याचा नाही. पहिले पिल्लू ३४व्या दिवशी तरंगणे सोडून मोठ्या कोळंबीसारखे तळाशी बसले. तीन महिन्यांनी अंडी पुन्हा मोजून पाहिली: बरणीतल्या १०० पैकी ८१ फुटली, मूळ डब्यातच राहिलेल्या १०० पैकी ५२.